वाफेचा दुसरा वॉल्व्ह

दौलत गावंडच्या पत्राला मी वेळेत उत्तर दिलं नाही. शहाण्णव साली गणपतीनंतर ते आलं. 'उत्तमराव, नव्या कारखान्यात कॉम्प्युटर बसवला, पण तापमान ठरल्याच्या वर जातं. मालकांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. तुम्ही एवढी पुस्तकं वाचलीत, काही सुचवा.'

डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या रंगांच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा दौलत आणि मी एकत्रच शिकलो. तापमान मोजायचं, हवं त्याच्याशी ताडायचं, फरक पाहून वाफेचा वॉल्व्ह थोडा फिरवायचा, पुन्हा मोजायचं. हे सगळं कॉम्प्युटरच करी. आपण आकडे भरायचे आणि वाट पाहायची. वाट पाहणं मला जमे. दौलतला नाही. "अहो ग्रंथपाल, रंग शिजवताय की पारायण करताय?" सगळे हसत. मीही हसे.

कंट्रोल रूम कुणाला द्यायची हे ठरवायला साहेबांनी दोघांची चाचणी घेतली. माझ्या चाचणीच्या दिवशी कॉम्प्युटरने वॉल्व्ह पूर्ण बंद केला, तरी तापमान चढतच राहिलं. माल करपला. "आकडे चुकले यांचे," दौलत साहेबांपुढे म्हणाला. त्याला कंट्रोल रूम मिळाली, मला स्टोअर. निवृत्त होईपर्यंत मी नटबोल्ट वाटले आणि घरी तेच गणित पुन्हा पुन्हा मांडलं. उत्तर बरोबर येई. मग वाटे, मला पुस्तकच कळलं नसेल.

पत्र आलं त्याच आठवड्यात कळव्याच्या बाजारात आमचा बॉयलरवाला काळुराम भेटला. त्याला पत्राचं सांगितलं.

"दौलतशेठ अजून हाताने मदत करतो का वाफेला?" तो हसला.

"कसली मदत?"

"कॉम्प्युटर बंद पडला तर वापरायची ती बाजूची लाइन नाय का? तिचा वॉल्व्ह जरासा उघडून ठेवायचा. लवकर तापावं म्हणून. तुमच्या चाचणीच्या टायमाला पण त्याने उघडलेला. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

घरी येऊन मी उत्तर लिहिलं. 'बाजूचा वॉल्व्ह बंद करा, त्याला कुलूप लावा.' पाकीट चिकटवलं आणि रेडिओमागे ठेवलं. दसरा गेला. "मी टाकून येऊ का?" माझ्या बायकोने, मंजुळेने विचारलं. "राहू दे," म्हटलं. त्या दिवसांत मला गाढ झोप लागे.

भाऊबीजेनंतर काळुराम पुन्हा भेटला. "काढला की त्याला मालकाने! घरी बसून कागदावर गणितं करतोय. म्हणतो, माझे आकडे बरोबर होते."

वाईट वाटेल म्हणून मी थोडा वेळ थांबलो. वाटलं नाही. मग भीती वाटली, की त्याला खरं कारण कधी कळणारच नाही. पाकीट फोडून खाली एक ओळ वाढवली. 'तुमचे आकडे बरोबर असतील. माझेही होते.'

पोस्टात रजिस्टर करायला दिलं, पोचपावतीसह. पत्र पोचल्याची त्याची सही मला परत यायला हवी होती.

"स्पीड पोस्टने पाठवा, काका. लवकर जाईल," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"नको," मी म्हणालो. "आता घाई नाही."