रेषेत खोडलेली राणी

हत्शेप्सूत राणीबद्दल आमच्याकडे प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं असतं. सावत्र मुलाची गादी बळकावून बसली, असं पुरुष म्हणतात. राजासारखी खोटी दाढी लावून फारो झाली, म्हणून बायका तोंडावर हात ठेवून हसतात. मी म्हणते, लावली तर लावली! तिच्या राज्यात जहाजं भरभरून धूपाची झाडं आली आणि आमच्या पाथरवटांच्या गल्लीत एक हात रिकामा राहिला नाही.

ती जाऊन वीसेक वर्षं झाली आणि आता गादीवर असलेल्या त्याच सावत्र मुलाचा हुकूम सुटला, देवळाच्या भिंतीवरून तिला खोडून काढा. नाव आणि रूप पुसलं की मेलेला माणूस परलोकातूनही नाहीसा होतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

काम आलं माझ्या नवऱ्याकडे, पाशेदकडे. आणि भिंतीवरची ती राणी कोरली होती माझ्या सासऱ्यांनी. मामंजींचे डोळे दगडाच्या धुळीनं गेलेत, कान मात्र शाबूत आहेत.

"तिला छिन्नी लावलीस, तर माझ्या मढ्याचं तोंड उघडायला तू यायचं नाहीस," ते मुलाला म्हणाले. बापाच्या मढ्याच्या ओठांना मुलानं हत्यार टेकवलं, की मगच तो परलोकात खाऊ-बोलू लागतो. "शेजारचा हुय उघडेल."

"हुय? मामंजी, त्याला बिअरचं मडकं धड उघडता येत नाही!"

"तू गप गं, मेरित."

हुकूम मोडणाऱ्याचं नाक कापतात. पाशेद छिन्नी उचलून कामावर गेला. तेव्हापासून बापाचा मुलाशी अबोला. एकाच चटईवर बसायचे आणि मला म्हणायचे, "त्याला सांग, मीठ सरकव." मला हसू यायचं आणि मीठ मीच सरकवायचे.

मग एके दिवशी मुकादम नेबनख्त दारात येऊन कडाडला, "पाशेद, फोडायला सांगितलं होतं ना रे! कडेकडेनं इतकी सुबक खोडलीयस की बाई लांबूनसुद्धा उभी दिसतेय!"

पाशेद पांढराफटक पडला. "साहेब, रेषेबाहेर छिन्नी जातच नाही हो. बाबांनी हातावर मारमारून शिकवलंय."

"तुझ्या एकट्याच्या नव्हे, सगळ्यांच्याच बापांनी शिकवलंय! अख्ख्या भिंतीवर तेच!" नेबनख्तनं कपाळावर हात मारला. "आता जाऊ दे. वरच्यांना सांगतो, खोडली म्हणून."

तो गेल्यावर मामंजी उठले. "मेरित, मला तिकडे ने."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघंही गेलो. राणीच्या जागी राणीच्याच आकाराचा खळगा होता. मामंजींनी मुकुट चाचपला, नाक चाचपलं, दाढी चाचपली. बोट खाली पायापर्यंत गेलं आणि थांबलं.

"हा पाय कुणी काढला?" या खेपेला त्यांनी मला विचारलं नाही.

"मीच, बाबा."

"गाढवा, टाच वाकडी गेलीय! माझ्या तोंडाला हत्यार लावशील तेव्हाही असाच हात हलवणार आहेस का?"

"नाही, बाबा," पाशेद म्हणाला आणि एवढा थोरला बाप्या भिंतीला टेकून रडायला लागला.