हाराच्या किल्ल्यावर डचांच्या तोफा

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं.

मी इतिहास शिकलेलो नाही. इथं परदेशात नोकरी करता करता हौगांग भागातल्या लायब्ररीत बसून वाचलं तेवढंच. पण जपानला गेलेल्या पहिल्या डच खलाशांचं वेडच लागलं. इथल्या मराठी लोकांना जमवणाऱ्या मैत्रेयीताई म्हणाल्या, रविवारी आमच्या बुकित तिमाहच्या कॉन्डोत ये, आपल्या मराठी मंडळींसमोर बोल. स्लाइड्स सुबोध करत होता. माझा रूममेट, ऑफिसही एकच.

आमचं भांडण एकाच स्लाइडवरून. १६३७-३८ साली जपानमध्ये शेतकऱ्यांनी बंड केलं, बहुतेक ख्रिस्ती, आणि हाराच्या किल्ल्यात जाऊन बसले. सरकारनं तिथल्या डचांना सांगितलं, जहाज आणा, तोफा डागा. डचही ख्रिस्तीच की. तरी पंधरा दिवस डागल्या. चारशेच्या वर गोळे.

मी म्हणायचो, हा दगा आहे. सुबोध म्हणायचा, येड्या, त्यांना तिथं राहायचं होतं, धंदा करायचा होता, मग काय करतील? मी विचारायचो, आणि तीन वर्षांत सरकारनं त्याच डचांना नागासाकीजवळच्या एवढ्याशा बेटावर कोंडलं, त्याचं काय? त्यावर तो हसायचा. "कोंडलं, पण ठेवलं ना?"

शुक्रवारी मॅनेजरनं बोलावलं. तू बाहेर इंटरव्ह्यू देतोयस असं कळलं, तुझा इथं राहण्या-कामाचा पास रिन्यू करत नाही आम्ही. म्हणजे परत घरी.

इंटरव्ह्यूचं फक्त सुबोधला माहीत होतं. टायसुद्धा त्याचाच घालून गेलो होतो. तरी मन मानेना. दोन दिवस काहीच विचारलं नाही.

रविवारी बोललो. तोफांच्या स्लाइडवर आलो, आणि लॅपटॉपशी बसलेल्या सुबोधनं मी न सांगताच पुढची लावली. लोकांना काही कळलं नाही. मला कळलं.

बसस्टॉपवर विचारलं.

"सरांनी थेट विचारलं रे," तो म्हणाला. "माझा पास मार्चमध्ये संपतोय."

"म्हणून माझा संपवलास?"

इथून कुणी घरी निघालं की बाकीच्यांची पार्सलं नेतोच, नाही कुणी म्हणत नाही. बस दिसल्यावर तो म्हणाला, "आईसाठी गुडघ्याचा पट्टा आणून ठेवलाय. नेशील ना?"

नोकरीपेक्षा हे जास्त लागलं.

"नेईन," म्हटलं. "चिंचवडला स्वतः जाऊन काकूंच्या हातात देईन. पण का परत आलास असं त्यांनी थेट विचारलं, तर मीही थेट सांगेन, सुबोधमुळे. शब्द देतो."