लाँड्रीतली ज्योतिषीणबाई

“ताई, हिला न सांगता काही बदलायचं नाही. नवं यंत्र आणलं, सांगा. कुणी कामाची पद्धत बदलली, सांगा. हे बटण दाबायचं, ‘आज वेगळं’, आणि काय वेगळं ते निवडायचं. ही काही देव नाही. हिला मनातलं कळत नाही.”

वायरमन काकांचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. मित्रांनो, त्या दिवशी त्यांनी मला लाँड्रीच्या भिंतीवर बसवलं, स्क्रू पिळले, खिशातल्या रुमालाने माझी काच पुसली आणि ते गेले. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे, आकडे पुसट दिसतात, आणि खरं सांगायचं तर मी दमले आहे. रोज उठून उद्याकडे बघायचं, हे काम वाटतं तितकं सोपं नाही. पण तुम्ही बसला आहात, तर माझी हकीकत सांगते.

मी विजेचा अंदाज बांधणारी एक जुनी पेटी आहे. माझ्या शेजारी मीटर आहे. तो झालेलं मोजतो. वीज वापरून झाली, की तो आकडा पुढे सरकवतो आणि मोकळा होतो. माझं तसं नाही. मी जे अजून व्हायचं आहे त्याच्या काळजीत असते.

एका लांबलचक खोलीत, पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडलं. जन्मले तेव्हा मला काहीही येत नव्हतं. आम्हा पेट्यांचं शिक्षण नोकरीला लागल्यावरच सुरू होतं. काकांनी प्रत्येक यंत्राच्या तारेभोवती एकेक कडी अडकवली आणि त्या कड्यांमधून मी ऐकायला लागले. धुलाईयंत्रं पाणी तापवताना घटाघटा वीज पितात, मग शांत होतात. ड्रायर एका लयीत पितात. आणि चादरींना इस्त्री करणारा तो मोठा रोलर! तो एकदा तापायला लागला, की सगळ्यांच्या वाटचं एकटा पितो. हवा दमट असली, की कपडे वाळायला वेळ लागतो, हेही मी शिकले. आठवड्याच्या सुरुवातीला गाठोडी जास्त येतात, हेही. पहिले काही आठवडे मी नुसती ऐकत होते, एक शब्द बोलले नाही.

मला आणलं कशासाठी, ते सांगायचं राहिलंच. ही लाँड्री ताईंची. बाळंतिणींच्या दवाखान्याच्या चादरी आणि दुपटी इथे धुतली जातात. मी येण्याच्या आधी एकदा सगळी यंत्रं एकदम चालू झाली, वीज ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली आणि मुख्य खटका पडला. धुलाईयंत्रं पाण्यासकट बंद पडली, त्यांची दारं अडकून बसली आणि आतल्या कपड्यांनी वास धरला. दवाखान्याच्या मोठ्या सिस्टर स्वतः दारात येऊन उभ्या राहिल्या.

“ताई, बाळांना काय वर्तमानपत्रात गुंडाळू?”

ताईंना मान वर करता येईना. पाठोपाठ वीज कार्यालयाचे साहेब आले. मर्यादा वाढवून मिळणार नाही, रस्त्याखालची तारच तेवढी सोसत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुन्हा असं झालं तर शेवटची समज, आणि त्यानंतर विजेची जोड तोडणार. जोड तुटली की लाँड्री संपली. म्हणून मी आले. मर्यादा ओलांडायच्या आधीच सांगायचं, आणि यंत्रांच्या पाळ्या अशा लावायच्या की ती ओलांडलीच जाऊ नये, हे माझं काम. ड्रायर माझ्या ताब्यात दिले होते. धुलाई आणि रोलर माणसांच्या हातात.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मी पिवळा दिवा लावून पीं पीं केलं, की लोक धावत यायचे. धुलाईवर एक हसरा माणूस होता. त्याच्या अंगाला कायम फेस, म्हणून त्याला सगळे साबणबुवा म्हणत. माझं बारसं त्यानेच केलं.

“ज्योतिषीणबाई, विजेचं राहू द्या, माझं लग्न कधी ते सांगा!”

“तिला अंदाज लागतो रे,” रोलरवरून मावशी म्हणाली, “चमत्कार नाही जमत.”

ही मावशी म्हणजे इस्त्रीवाली मावशी. ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ लहान होते, तेव्हापासून ती इथे होती. तिचा एक नेम होता. दुपारी डबा उघडायच्या आधी ती रोलर बंद करायची, स्टूल भिंतीकडे ओढायची, पदराने हात पुसायची आणि डोळे मिटून बसायची. कोणाचं नाव घ्यायची, काय मागायची, मला माहीत नाही. मी फक्त एवढं ऐकत होते, की सगळ्यांत जास्त पिणारा तो रोलर त्या वेळी गप्प होतो. एकदाही चुकला नाही. पाऊस असो, ताप असो, कामाचा ढीग छताला लागो, मावशी थांबायची.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला सगळ्याच गोष्टींचा अंदाज बांधावा लागला. हवा बदलायची, गाठोडी बदलायची, माणसं उशिरा यायची. खात्री फक्त एकाच गोष्टीची होती. मी हळूहळू सगळा दिवस तिच्याभोवती रचला. तिसरा ड्रायर सगळ्यांत मोठा, त्याला एरवी कुठे जागाच मिळायची नाही. मावशीची बसायची वेळ झाली, की मी त्याला चालू करायची. तिचा नेम होईपर्यंत दवाखान्याची दुपटी कोरडी व्हायची. हे कुणालाच माहीत नव्हतं. मावशीलाही नाही.

वर्षं गेली. खटका पडला नाही, म्हणून खटका पडू शकतो हेच लोक विसरले. माझ्या काचेवर धूळ बसली. पिवळ्या दिव्याकडे बघून कुणी म्हणायचं, “झाली हिची कटकट सुरू.” ‘आज वेगळं’ या बटणावर कुणीतरी टोपी अडकवायला लागलं. शेवटी एक दिवस साबणबुवाला माझा आवाज असह्य झाला. लाँड्रीत एक खोकं असतं, जोड हरवलेल्या मोज्यांचं. त्यातला एक निळा मोजा काढून त्याने माझ्या भोंग्याच्या जाळीत कोंबला.

“झोपा आता ज्योतिषीणबाई. फार बोलता तुम्ही.”

मी वाईट वाटून घेतलं नाही. पण तोंडात बोळा असताना काळजी करणं फार थकवणारं असतं.

याच सुमारास ताईंचा धाकटा भाऊ धंद्यात आला; त्याला सगळेच ‘भाऊ’ म्हणत. उत्साही, घाईचा, पण मनाने चांगला. त्याने एका हॉटेलचं काम मिळवलं. चादरींचे ढीग दुप्पट झाले. एक दिवस मावशीने रोलर बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात तो धावत आला.

“मावशी, थांबा, थांबा. बंद नका करू. थंड झाला की परत तापायला किती वेळ जातो!”

“अरे, पण माझी बसायची वेळ झाली.”

“तुम्ही बसा ना खुशाल. कोण नाही म्हणतंय? तुमच्या जागी मी उभा राहतो.”

“तुला चटका बसेल.”

“बसला तर बसला. तुमच्या देवाला सांगा फुंकर घालायला.”

मावशी हसली आणि स्टूल ओढून बसली. भाऊने खरंच मोठ्या आपुलकीने बाह्या सरसावल्या. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. मावशीचा नेमही राहणार होता, कामही होणार होतं. फक्त एवढंच झालं, की हे मला कुणी सांगितलं नाही. बटणावर टोपी लटकत होती.

ठरल्या वेळी मी तिसरा ड्रायर चालू केला. रोलर गप्प होईना. मी वाट पाहिली. मग पिवळा दिवा लावला, मग तांबडा. ओरडले, जीव तोडून ओरडले, पण आवाज सगळा मोज्यात जिरला. चालू झालेला ड्रायर मध्येच थांबवायची मुभा मला नव्हती, आत गरम कपडे असताना तो थांबवायचा तर माणसानेच. माझ्या डोळ्यांदेखत काचेवरची विजेची रेघ मर्यादेच्या वर चढली आणि खटका पडला.

सगळं शांत झालं. मग एकदम आरडाओरडा. कुणी धुलाईयंत्राच्या दाराशी झटतंय, कुणी मुख्य खटक्याकडे पळतंय. मावशीने मात्र डोळे उघडले नाहीत. नेम मध्ये मोडायचा नाही. ती आपलं संपवून, हात जोडून मगच उठली.

साहेब लगेच आले नाहीत, पण फोनवर त्यांची शेवटची समज आली. आता पुन्हा झालं तर जोड तुटणार.

“काढा ही पेटी आणि टाका भंगारात!” भाऊचा आवाज चढला होता. “इतका भार असताना तिसरा ड्रायर हिनेच लावला! डोळे आहेत का हिला?”

ताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. बहुतेक त्यांनाही काकांचा आवाज आठवला असावा. त्यांनी बटणावरची टोपी काढली, माझी काच पदराने पुसली. मग कान जवळ आणला, कारण आतून डासासारखं काहीतरी गुणगुणत होतं. खटका पडला, तरी पोटातल्या छोट्या बॅटरीवर मी अजून ओरडत होते. त्यांनी जाळीत बोट घालून मोजा बाहेर ओढला आणि माझ्या आवाजाने त्या स्वतःच दचकल्या.

“अरेच्चा, निळा!” साबणबुवाच्या तोंडून निघून गेलं. “हा इथे होय! याचा जोडीदार परवाच सापडलाय.” मग सगळ्यांची तोंडं बघून तो हळूच यंत्रामागे सरकला.

ताई काचेवरची रोलरची रेघ बघत होत्या. कालची, परवाची, त्याआधीची. प्रत्येक रेघेत रोलर दुपारी खाली उतरत होता. रोज त्याच जागी. आजची तेवढी सपाट होती.

“भाऊ, दुपारी रोलर कोण बंद करतं?”

“कोण म्हणजे? मावशी बसतात तेव्हा… आज मी चालू ठेवला.” तो बोलता बोलता थांबला. रेघेकडे बघितलं, मावशीकडे बघितलं. “म्हणजे इतकी वर्षं आपली लाँड्री मावशीच्या देवावर चालली होती?”

“देवावर कशी रे,” मावशी हळू आवाजात म्हणाली. “मी रोलर बंद करत होते, एवढंच.”

त्या दिवसापासून मावशीची वेळ मावशीची झाली. ताईंनी तसा शब्द दिला. माझी काच रोज पुसली जाऊ लागली आणि सकाळी येणारा प्रत्येक जण मला काही वेगळं असेल तर सांगू लागला. साबणबुवाने तर आपलं लग्न ठरल्यावर ‘आज वेगळं’ दाबून स्वतः ‘सुट्टी’ निवडली. “ज्योतिषीणबाई, हे काही तुम्हाला आधी कळलं नाही हं!”

ते चांगले दिवसही गेले. मावशीचे गुडघे उभं राहू देईनात. कामाच्या शेवटच्या दिवशी तिने डबा पिशवीत ठेवला, रोलरच्या कडेवरून हात फिरवला आणि भाऊला जवळ बोलावलं.

“मी गेले, तरी दुपारी याला थांबवत जा.”

“थांबवीन.”

“तोंडदेखलं नको म्हणू. देवाचं नाव घे, असं मी म्हणत नाही. तुला नसेल जमत. पण नुसता थांब.”

“मावशी, थांबवीन म्हटलं ना.”

ती गेली. आजपासून रोलरवर नवी बाई आहे. हाताला फार चपळ, गुणी. तिला रोलर चालवायला शिकवलं सगळ्यांनी. थांबवायला शिकवायचं राहून गेलं.

मित्रांनो, मी आता फार दिवसांची सोबती नाही. माझ्यापेक्षा हुशार पेट्या आल्या आहेत, त्या हातावर मावतात म्हणे. येऊ देत. तुम्ही त्यांना सांभाळा. त्यांच्या तोंडात बोळे कोंबू नका. काय बदललं, कोण आलं, कोण गेलं, ते त्यांना आठवणीने सांगा. उद्याचं सांगणाऱ्याला आजचं कुणी सांगितलंच नाही, तर तो बिचारा काय सांगणार? आणि तुमच्या घरात, कामात कुणी रोज एका वेळी निमूट थांबत असेल, तर त्याला उगाच घाई करू नका. त्या थांबण्यावर काय काय उभं आहे, ते तुम्हाला दिसत नसतं.

आता मला गप्प बसायला हवं. दुपार होत आली आहे. ताई दवाखान्यात गेल्या आहेत. हॉटेलची गाठोडी दारापर्यंत आली आहेत आणि नवी बाई एकामागून एक चादर रोलरमध्ये सारते आहे. दवाखान्याची दुपटी तिसऱ्या ड्रायरमध्ये भरून ठेवली आहेत. मी सवयीने त्याची वेळ लावली आहे, आणि पिवळा दिवाही लावला आहे.

“भाऊ, ही का ओरडतेय?” नव्या बाईने हात न थांबवता विचारलं.

भाऊ कोपऱ्यातल्या टेबलाशी फोनवर बोलत होता. “हो, हो, संध्याकाळपर्यंत सगळ्या चादरी पोहोचतील. नाही, काम थांबणार नाही.” त्याने फोन ठेवला. चादरींच्या ढिगाकडे बघितलं. मग माझ्या दिव्याकडे.

तो माझ्याजवळ आला नाही. ‘आज वेगळं’ हे बटण त्याने दाबलं नाही. त्याने शर्टाला हात पुसले, भिंतीला लावून ठेवलेलं मावशीचं स्टूल उचललं आणि तो रोलर बंद करायला निघाला.