नेड कॅरोडसचा कागदी पडदा

व्हर्ना पॅस्को चौदा वर्षं नेड कॅरोडसचं नाव कात्रीने कापत आली.

शनिवारी ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा सामना सुरू व्हायच्या आधी आमच्या केलर्टन क्लबचे खेळाडू पळत बाहेर येतात आणि दोन उंच खांबांवर ताणून धरलेला कागदी पडदा फाडून मैदानात शिरतात. तो पडदा आम्ही करतो. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी चर्चमागच्या हॉलमध्ये जमायचं, बूट दाराशी काढायचे आणि जमिनीवर गुडघे टेकून क्रेप कागदाच्या लांबच लांब पट्ट्या चिकटपट्टीने जोडायच्या. मग त्यावर माणसाएवढी अक्षरं डकवायची. दोन संध्याकाळींचं काम दोन सेकंदांत फाटतं. नवीन माणूस हळहळतो. आम्हाला तो नीट फाटला नाही तरच वाईट वाटतं.

मी चिकटपट्टीवाली. गॅव्हिन, जन्मभर ट्राम चालवलेला, खांबांचं आणि दोऱ्यांचं बघतो. अक्षरं कापणं आणि यमक जुळवून दोन ओळींचा मजकूर रचणं व्हर्नाकडे. तिने टपालखात्यात चाळीस वर्षं पत्रं निवडली, त्यामुळे हात चालू आणि तोंड बंद ही तिची सवय.

नेडच्या पहिल्याच सामन्यात आम्ही तिघं कुंपणाला टेकून उभे होतो. एकोणीस वर्षांचा काटकुळा पोरगा. त्याने समोरच्या वॉर्डहॅम संघातल्या एका धिप्पाड गड्याच्या खांद्यावर गुडघा टेकवला, आमच्या खेळात ते चालतं, आणि चेंडू वरच्या वर असा अलगद झेलला की गॅव्हिन म्हणाला, ‘‘हा खाली येणार आहे की नाही?’’ पुढच्या शनिवारी व्हर्नाच्या जाड कोटाच्या पाठीवर सव्वीस आकडा शिवलेला होता. नेडचा आकडा.

त्यानंतर तिने त्याचा एकही सामना चुकवला नाही. ॲडलेडला बसने गेली, पर्थला साठवलेली रजा काढून गेली. मात्र त्याच्याशी बोलली कधीच नाही. वर्षातून एकदा क्लब सगळ्यांना खेळाडूंबरोबर फोटो काढू देतो. तेव्हा ही सँडविचच्या टेबलामागे जाऊन उभी.

‘‘अगं, जा ना,’’ मी म्हणायचे.

‘‘तो खेळतो, मी कापते. मधे बोलण्यासारखं काय आहे?’’

गॅव्हिन चिडवायचा, ‘‘लाजतेय बघ म्हातारी. लग्न ठरवू का?’’

‘‘तू आधी दोरीची गाठ नीट मार,’’ ती म्हणायची.

चौदाव्या वर्षी ऑगस्टमध्ये नेडचा तीनशेवा सामना होता. क्लबच्या इतिहासात तोवर तिघांनीच तीनशे गाठले होते. व्हर्नाने मंगळवारीच तिन्ही आकडे कापून ठेवले, हिरव्या कागदाचे, पांढऱ्या काठाचे. बुधवारी सरावात नेडचा मांडीमागचा स्नायू फाटला. गुरुवारी दुपारी क्लबने जाहीर केलं, की तो आता खेळणार नाही. या शनिवारी नाही आणि पुढेही नाही. तेहतीस वर्षांचा झाला होता. डॉक्टर आता पुरे म्हणाले होते.

संध्याकाळी हॉलमध्ये कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. जमिनीवर पडदा पसरलेला, मधोमध भलामोठा तीनशे. व्हर्ना तरीही खाली बसून काठ कापत होती.

सातच्या सुमाराला दार ढकललं गेलं आणि कुबड्या टेकत नेड आत आला. एकटाच. दाराशी थांबून त्याने खाली बघितलं आणि चांगल्या पायातला बूट काढायला लागला.

‘‘राहू दे रे बाबा,’’ गॅव्हिन धावला. ‘‘पडशील.’’

‘‘कागदावर पाय पडेल म्हणून.’’ नेड ओशाळून हसला. ‘‘तुम्हाला सांगायला आलो. फोनवर बरं वाटेना. तुमची इतकी मेहनत वाया गेली.’’

‘‘वाया कसली? ती फाटायचीच असते,’’ मी म्हटलं.

गॅव्हिनला गप्प बसवेना. ‘‘चौदा वर्षं ही बाई तुझ्यावर कविता करतेय. ती बघ, कात्रीवाली. व्हर्ना. सांग, कुठली आवडली तुला?’’

नेडने तिच्याकडे बघितलं. मग खाली, कागदाकडे.

‘‘खरं सांगू?’’

‘‘खरंच सांग,’’ व्हर्ना म्हणाली. त्याच्याशी बोललेले तिचे हे पहिले शब्द.

‘‘मी एकही वाचली नाही. पहिल्या सामन्यात कागदाचा कोपरा डोळ्यात गेला होता. तेव्हापासून दहा पावलं आधीच डोळे मिटतो. समोर कागद आहे का भिंत, तेही कळत नाही. माफ करा.’’

कात्री थांबली. गॅव्हिन उगाचच दोरी गुंडाळायला लागला. मला वाटलं, आता ही उठून जाणार.

‘‘एकही नाही?’’

‘‘एकही नाही.’’

व्हर्नाने कात्री खाली ठेवली. ‘‘बस तिथे. खुर्ची घे. पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेव, लोंबता नको ठेवूस.’’

तो बसला. ती गुडघ्यांवरच होती. तिने हात मांडीवर पुसले आणि म्हणायला सुरुवात केली. वही नाही, काही नाही. चौदा वर्षांचं सगळं तोंडपाठ.

‘‘शंभरावा सामना,’’ ती म्हणाली.

‘‘शंभर वेळा धावलास, नेड,
अजून आहे आम्हांला वेड!’’

तो खो खो हसला. ‘‘हे एवढ्या मोठ्या अक्षरांत?’’

‘‘याहून मोठ्या. आणि हा वॉर्डहॅमविरुद्धचा.’’

‘‘नेड आला, पंख पसरले,
वॉर्डहॅमचे पाय घसरले!’’

‘‘त्या दिवशी आम्ही साठ गुणांनी हरलो,’’ नेड म्हणाला.

‘‘माझ्या अक्षरांचा काय दोष?’’

असं बराच वेळ चाललं. मग ती म्हणाली, ‘‘हा अंतिम सामन्यात तुझी शेवटची किक चुकली ना, त्याच्या पुढच्या हंगामातला.’’

‘‘किक चुकली, चुकू दे, नेड,
नव्या वर्षी होईल फेड.’’

यावर तो हसला नाही. कुबडीच्या मुठीवर अंगठा घासत राहिला. ‘‘त्या वर्षी पहिल्या सामन्याला बाहेर यायची मला भीती वाटत होती,’’ तो म्हणाला. ‘‘वाटलं होतं, लोक शिव्या घालतील.’’

‘‘घातल्या की. आम्ही मात्र हे लिहिलं होतं.’’

तिने त्याला चहा दिला, वर लॅमिंग्टन केकचा तुकडा. निघताना त्याने जमिनीवरच्या आकड्याकडे बोट दाखवलं. ‘‘ते तीनशे काढा. मी ते खेळलो नाही.’’

‘‘एका सामन्याने काय होतंय?’’ गॅव्हिन म्हणाला. ‘‘मोजतंय कोण?’’

‘‘मी मोजतेय,’’ व्हर्ना म्हणाली. ‘‘काढते.’’

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघीच हॉलमध्ये होतो. हिरवा कागद जेमतेम होता, म्हणून नवे आकडे तिने जुन्यांमधूनच कापले. खालचा मजकूर लिहून झाला तेव्हा गॅव्हिन आला, वाचून म्हणाला, ‘‘यमक कुठंय?’’

‘‘सुचलं नाही,’’ ती म्हणाली.

शनिवारी दुपारी वारा होता. चौदा जणांनी दोऱ्या धरल्या, तरी पडदा शिडासारखा फुगत होता. संघ यायच्या आधी नेड एकटा कुबड्यांवर बाहेर आला. सगळं मैदान उभं राहिलं. तो पडद्यापासून पाच-सहा पावलांवर थांबला, मान वर केली आणि वाचायला लागला.

दोनशे नव्याण्णव वेळा आलास.
आम्हीही.

वाचायला एवढा वेळ लागत नाही. पण तो हलेचना. पंचाने घड्याळ बघितलं. मग नेडने दोऱ्या धरणाऱ्यांवरून नजर फिरवली. व्हर्ना माझ्या शेजारी होती. दोन्ही हातांत दोरी, लपायला जागा नाही. त्याने तिच्याकडे बघून मान लववली. तिनेही लववली.

‘‘दोरी सोडू नकोस, ग्लेनिस,’’ ती मला म्हणाली.

नेड बाजूला झाला, मागे वळून त्याने हात केला आणि बाकीचे पळत आले. पडदा मधोमध, अगदी स्वच्छ फाटला.

आम्ही अकरा गुणांनी हरलो. सामन्यानंतर नेहमीसारखे कागदाचे तुकडे वेचून पिशव्यांत भरले. एक नव्वा अख्खा सापडला. मी म्हटलं, ठेव हा. तिने तो घडी करून कोटाच्या खिशात घातला, मग जरा विचार करून मलाच दिला. ‘‘माझ्याकडे कपाटात जागा नाही,’’ म्हणाली.

परतीच्या ट्राममध्ये ती खिडकीशी बसली. ‘‘नेड खेळतो तेव्हा,’’ तिने सुरुवात केली आणि थांबली.

‘‘खेळायचा,’’ मी म्हटलं.

‘‘हो. खेळायचा तेव्हा तो चेंडूकडे बघायचाच नाही, आधी माणसांकडे बघायचा. लक्षात आलं होतं तुझ्या?’’

माझ्या नव्हतं आलं. पुढच्या बाकावरच्या बाईने वळून निकाल काय लागला विचारलं, आणि व्हर्नाने तिला सामन्याच्या चारही सत्रांचे गुण क्रमाने सांगितले.