शेंदराखालचं लाकूड

"सांग ना बाई, किती जुना निघाला आमचा वाघोबा?" वेशीलगतच्या आपल्या घरात सुक्याने विचारलं.

तलासरीकडच्या या पाड्यावरून रस्ता जाणार होता. पाडा तीन पिढ्यांहून जुना असल्याचा पुरावा दिला तर जागेवर हक्क सांगता येणार होता, नाहीतर घरं उठणार. कागद कुणाकडेच नव्हता. होता तो वेशीवरचा सागाचा खांब, वाघ कोरलेला, तेलाशेंदराने माखलेला.

डॉ. सुषमा निवृत्त होऊन आशागडला राहायला आल्या होत्या. लाकडातल्या कार्बनवरून त्याचं वय काढण्यात त्यांचा जन्म गेला. तेल मुरलेलं लाकूड प्रयोगशाळा परत पाठवायच्या, कारण ताज्या तेलातला कार्बन म्हाताऱ्या लाकडाला तरुण करून टाकतो. ते तेल नखाएवढ्या ढलपीतूनसुद्धा पुरतं काढायची रीत सुषमाताईंनी शोधली. सहकारी हसायचे, "तेल काढायला एवढं संशोधन? शिकेकाई लावा की!" नवरा म्हणायचा, यंदा तरी संपव. तो गेला तेव्हाही एक नमुना भट्टीत होता. रीत जमली, परिषदेत टाळ्या पडल्या, आणि पुढे नमुने काही फारसे आले नाहीत. म्हणून पाड्याचं कळल्यावर त्या आपण होऊन धावल्या होत्या. खांबाची ढलपी तेल काढून त्यांनी प्रयोगशाळेत पाठवली होती.

"तीसेक वर्षांचा निघाला, सुक्यादादा."

"येडी का काय तू? माझ्या आज्याचा आजा याला कोंबडा द्यायचा!"

"तेल सगळं काढलं होतं. चूक नाही."

सुक्याची बायको बायजी चुलीपाशी हसली. "बरोबर हाय तिचं. माझ्या धाकल्या बहिनीच्या लग्नाच्या साली बदलला नाय का? कुजला का नवा कोरायचा. देव तोच."

"मला आधी नाही सांगितलंत?"

"त्यात काय सांगायचं? सगळेच बदलतात."

सुषमाताई उठल्याच. "जुना कुठाय? त्याचा तुकडा चालेल मला."

"नदीत सोडला. कुजका देव घरात ठेवतात का?"

त्या परत बसल्या.

"मग तू लिव ना जुना," बायजी म्हणाली. "कोण बघतो?"

"निकाल रस्त्याच्या साहेबांकडेही गेलाय. मीच प्रयोगशाळेला म्हटलं होतं, आम्हा दोघांना एकदम पाठवा. म्हणजे कुणाला शंका नको."

"शाणी गं माझी बाई," बायजी म्हणाली आणि त्यांच्यापुढे चहा ठेवला.

सुक्या खांबाशी जाऊन उकिडवा बसला. बुडाशी त्याने अंगठा दाबला, तर भुसा पडला.

"हा पण गेला. दिवाळीआधी बदलायला लागंल."

"कुठे उभा करणार?" सुषमाताईंनी विचारलं.

दाखवायला त्याने हात वर केला. बोट दाखवावं तिथून रस्ता जाणार होता. मग त्याने हात खाली घेऊन गुडघ्याला पुसला.