लेकीच्या शहरातलं जेवण

सौंसरहून सकाळच्या गाडीने जयवंताबाई नागपूरला उतरल्या तेव्हा चंचल आधीच स्टँडवर येऊन उभी होती. एकुलती एक लेक. चाळिशी उलटलेली, केस आखूड कापलेले, अंगावर ऑफिसला जातानाचा कुर्ता. तिने वाकून नमस्कार केला, आईच्या हातची पिशवी घेतली आणि तिचं वजन जाणवून क्षणभर थांबली. एका दिवसासाठी कोणी चार लुगडी आणत नाही.

"चल, आज तुला नागपूर दाखवते," एवढंच म्हणाली.

जयवंताबाईंना नागपूर पाहायचं नव्हतं. त्यांना जयप्रकाश नगरातल्या लेकीच्या घरी जायचं होतं आणि तिने हो म्हटलं तर तिथेच राहायचं होतं. धाकट्या मुलाची, गजेंद्रची बदली रायपूरला झाली होती. सौंसरचं घर भाड्याने द्यायचं ठरलं होतं, संत्र्याचा बगीचा बटाईने गेला होता. रायपुरात चौथ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या होत्या. आई, तू ताईकडे राहून पाहा, गजेंद्र म्हणाला होता. नागपुरातून मनात आलं की गाडीत बसून गावाकडे तरी येशील. जयवंताबाईंना ते पटलं होतं. रायपुरात त्यांना नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. पण ही फोनवर विचारायची गोष्ट नव्हती, म्हणून त्या स्वतः आल्या होत्या.

चंचलने आधी तर्री-पोहे खायला घातले. कोपऱ्यावरच्या ठेल्यापाशी उभं राहून दोघींनी खाल्ले. चण्याच्या तर्रीने जयवंताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांना रघुनाथराव आठवले. लग्नानंतर पहिल्याच आंबिया बहाराला नवरा त्यांना संत्र्यांच्या गाडीवर बसवून नागपूरला घेऊन आला होता. संत्रा मार्केटात ढिगांच्या कडेला बसून त्यांनी असेच पोहे खाल्ले होते, पळसाच्या पानावर. मग महाराजबागेत वाघ पाहिला होता. वाघ झोपलेला होता, आणि रघुनाथराव हसून म्हणाले होते की याच्यापेक्षा आपला बैल बरा, उठून उभा तरी राहते. हे त्यांनी चंचलला सांगितलं. चंचल हसली, पण ऐकलेली गोष्ट पुन्हा ऐकताना हसतात तसं.

टेकडीच्या गणपतीचं दर्शन झालं. महाराजबागही झाली. जयवंताबाईंचे गुडघे बोलायला लागले. त्यांना वाटलं, आता म्हणेल, चल घरी, जरा आडवी हो. चंचल म्हणाली, चल, मेट्रोत बसवते.

मेट्रोत गार वारा होता आणि बसायला जागा मिळाली. खालचा वर्धा रोड मुंग्यांच्या रांगेसारखा दिसत होता. एकेक स्टेशन येत होतं, आत कोणी बाई आधी हिंदीत, मग मराठीत नाव सांगत होती. जयप्रकाश नगर आलं. दारं उघडली. जयवंताबाईंनी पायापाशी ठेवलेल्या पिशवीला हात घातला. माणसं उतरली, माणसं चढली. चंचल मोबाइलमध्ये पाहत बसून राहिली. दारं मिटली.

"तुया घराचं टेशन गेलं ना व," जयवंताबाई म्हणाल्या.

"आपल्याला खापरीपर्यंत जायचं आहे," चंचल म्हणाली. "पूर्ण फिरून येऊ."

खापरीला उतरून पाहण्यासारखं काही नव्हतं. त्या तशाच परत फिरल्या. परतीच्या वाटेवर तेच स्टेशन पुन्हा आलं. या वेळी जयवंताबाईंनी हात मांडीवरच ठेवला.

दुपारी एका भोजनालयात पाटोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर. रस्सा चांगला होता, खसखस आणि खोबरं भाजून वाटलेलं. चंचल आईच्या ताटात वाढत होती, अजून घे म्हणत होती, भाकर मोडून देत होती. शेजारच्या टेबलावरची बाई कौतुकाने पाहत होती. जयवंताबाई जेवल्या आणि जेवता जेवता त्यांच्या मनात आलं की लेक हे सगळं रीत पाळायची म्हणून करते आहे. बिचारीने आईचा नेम मोडू नये म्हणून तिला बाहेर खाऊ घातलं.

लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. लेकीच्या जिवावर जेवतात असं व्याह्यांनी म्हणू नये म्हणून जुन्या माणसांनी घालून दिलेली. जयवंताबाईंच्या आईने पाळली, आजीने पाळली. नातू झाला की बारशाला आई लेकीच्या घरी पहिल्यांदा जेवे, आणि तो घास मोठ्या थाटाचा असे. चंचलला मूल झालं नाही. जयवंताबाईंनी रीत सोडली नाही. वर्षातून एकदा-दोनदा यायच्या तेव्हा पाणी सौंसरहून आणायच्या आणि दशम्या फडक्यात बांधून आणायच्या. चंचलच्या नव्या घराची वास्तुशांती झाली तेव्हा शंभर माणसं जेवली. पुरणपोळीचं ताट लेकीने स्वतः हातात आणून दिलं, तेव्हा जयवंताबाईंनी ताटाला हात लावून तो कपाळाला लावला आणि ताट परत दिलं. आपण लेकीचा मान राखला, असं त्यांना त्या दिवशी फार वाटलं होतं.

ऊन उतरल्यावर चंचल त्यांना फुटाळ्याला घेऊन गेली. तलावाच्या कठड्यावर दोघी बसल्या. भाजलेलं कणीस घेतलं, लिंबू-मीठ चोळलेलं. जयवंताबाईंना दाताने दाणे तोडता येईनात, म्हणून चंचल दाणे सोलून त्यांच्या हातावर देत होती. तिने घड्याळ पाहिलं. गाडीला अजून वेळ होता.

जयवंताबाईंनी दाणे मुठीत धरले. "चंचल, मी तुयाकडे राहाले आली होती."

"माहीत आहे. गजूचा फोन आला होता."

"मंग दिवसभर बोलली काहून नाई?"

"तू बोलशील म्हणून वाट पाहून राहिली होती."

जयवंताबाईंनी मग भराभर सांगून टाकलं. आता ते सगळं जुनं झालं, आता कोणी पाळत नाही, तुझ्या सासूबाईही गेल्या, मी तुझ्या हातचं सगळं खाईन, घरात भाजी निवडीन, दिवा लावीन, तुम्ही दोघं ऑफिसात गेलात की घर उघडं राहील.

चंचल कणसाचे दाणे काढत राहिली. "आता खाशील. आता जागा पाहिजे तर खाशील."

"रीत होती बाई. मी का मनानं काढली होती?"

"रीत मलाही पाठ आहे, आई. लेकीला मूल होईपर्यंत. बाकीच्या आया दोन वर्षं पाळतात, तीन वर्षं पाळतात. तू बावीस वर्षं पाळली. तू पिशवीतून तुझी बाटली काढली की माझी सासू माझ्याकडे पाहायची. इथल्या लोकांनी मला कधी वांझ म्हटलं नाही. त्यांना कुठे वेळ आहे. आठवण करून द्यायला तू यायची, सौंसरहून, तिकीट काढून."

"मी त तुया मानासाठीच—"

"माझं ऑपरेशन झालं, गर्भाची पिशवी काढून टाकली, त्याच्यानंतर तरी कशाची वाट पाहत होती?"

तेव्हाही जयवंताबाई आल्या होत्या. दवाखान्यात लेकीच्या उशाशी बसल्या होत्या, तिचे पाय चेपले होते. मग तिला घरी सोडलं, आणि सवयीने बाटली काढली होती.

"जावईबापू काय म्हणतात?" त्यांनी शेवटी विचारलं.

"ते नाही म्हणत नाहीत. मीच नाही म्हणून राहिली." चंचलचा आवाज चढला नव्हता. "तू मरेपर्यंत मी तुला फिरवीन, खाऊ घालीन, दवाखाना करीन. गजूकडे सगळं पाठवीन. पण माझ्या स्वयंपाकघरात तू पाणी पिऊन राहिली, हे आता मला पाहवणार नाही."

तिने उरलेले दाणे आईच्या ओंजळीत टाकले आणि हात झटकले.

स्टँडवर जाताना तिने गजेंद्रच्या मुलांसाठी संत्रा बर्फी घेतली. पिशवी वर चढवून दिली, खिडकीची जागा मिळवून दिली, वाकून नमस्कार केला. गाडी हलेपर्यंत ती उभी होती. कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, लेक असावी तर अशी.

सावनेर गेलं, लोधीखेडा गेलं. जयवंताबाईंनी एकदाही पदर डोळ्याला लावला नाही. शेजारी रामाकोन्याची एक बाई बसली होती. कुठे गेल्या होत्या, तिने विचारलं. जयवंताबाईंनी तिला गणपतीपासून कणसापर्यंत सगळं सांगितलं. बाई म्हणाली, नशीबवान आहात.

सौंसरच्या स्टँडवर गजेंद्र मोटरसायकल घेऊन उभा होता. त्याची नजर आधी पिशवीकडे गेली.

"काय झालं? ताई काय म्हणे?"

"राहा म्हणे. लई मागं लागली," जयवंताबाई म्हणाल्या. "जावईबापू बी म्हणत होते. मीच नाई म्हटलं. लेकीच्या घरी कसं राहाव? तिच्या घरचं पाणी बी नाई पेलो आपण अजून."

गजेंद्र वैतागला. "या जमान्यात बी तुमचं तेच. ताईले काय वाटलं असन."

"वाटलं असन तिले," जयवंताबाई म्हणाल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन त्याच्या मागे बसल्या. घरापर्यंत तो रायपूरच्या खोल्यांचं सांगत राहिला. लिफ्ट आहे म्हणे, पाणी चोवीस तास.