मामाची काठी

पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात, जिथे चिकटपट्ट्या ठेवायच्या होत्या तिथे, शिवणीच्या दुमडीत अडकून राहिलेले ते एकच बी – फिकट पिवळे, नखाएवढे, एका टोकाला निमुळते... एलियाबने ते हलकेच उचकटून तळहातावर घेतले. समोर ताडपत्रीवर उद्याचे सामान मांडलेले होते : मोज्यांचे तीन जोड, मीठ-साखरेच्या पुड्या, पाण्याच्या दोन रबरी पिशव्या, सुई आणि दोरा, फोडांवरचे मलम. पाच दिवसांच्या वाळवंटातल्या चालीसाठी इस्पितळातल्या सिस्टर ओटिलींनी दिलेल्या यादीत नाराचे, त्या काटेरी वाळवंटी टरबुजाचे, बी कुठेच नव्हते. मागल्या खेपेला मामीने निघताना मूठभर बिया दिल्या असतील, त्यांतले हे राहून गेलेले. आणि सगळे सामान एकेक करून आठवावे लागत असताना हेच तेवढे न बोलावता आधी येऊन बसले होते.

धुके अजून मामाच्या वस्तीजवळच्या नदीच्या कोरड्या पात्रातून उठले नव्हते. शेळ्या दिसत नव्हत्या, नुसत्या त्यांच्या घंटा वाजत होत्या, आणि त्यांच्या पलीकडे, जिथे वाळूच्या तांबड्या टेकड्या असायला हव्या होत्या तिथे, नुसते पांढरे काहीतरी उभे होते. मिठागरावर, किनाऱ्याजवळ, जिथे तो काम करतो, तिथेही सकाळ अशीच असते – पांढऱ्यावर पांढरे, आणि कुणी कुणाशी बोलण्याची गरज नाही. त्याला ते काम त्याचसाठी आवडे.

त्याने बी पुढच्या दातांपर्यंत नेले आणि, सवयीनेच, पुन्हा खाली घेऊन खिशात टाकले.

इथली माणसे नाराचे बी दातांत उभे धरतात. कट् – आणि जिभेच्या एका वळणात गर आत, टरफल बाहेर. बोलणे थांबत नाही, भांडणही थांबत नाही. एलियाबला मात्र ते कधी जमले नाही. लहानपणी त्याचा वरचा ओठ नाकपुडीपर्यंत उभा चिरलेला होता आणि आतले दात वाट चुकल्यासारखे कुठल्याही दिशेला उगवले होते. बी निसटायचे, लाळ गळायची, मुले हसायची. मग ओबेद मामा – आईचा थोरला भाऊ – त्याच्याकडे न पाहता, कुणाशीतरी पावसाबद्दल किंवा गाढवांबद्दल बोलता बोलता, एकेक बी फोडून गर त्याच्या मुठीत सोडत राही. मूठ भरली की एलियाब एकदम खायचा. खारट, तेलकट, किंचित कडवट... त्या चवीत मामाच्या तंबाखूचा वास असे.

एकोणीस वर्षे झाली. तो पाच वर्षांचा असताना कुठल्या कुठल्या शहरांतली बावीस माणसे याच वस्तीपासून समुद्रापर्यंत टेकड्या ओलांडत चालत गेली होती, आणि त्यांच्या चालण्याच्या नावाने लोकांनी जे पैसे दिले त्यातून ओठ शिवणारे डॉक्टर किनाऱ्यावरच्या इस्पितळात आले होते. पहिल्या दिवशी शिवलेल्या मुलांत एलियाब होता. तेव्हापासून दर वर्षी कुणीतरी चालते, दर वर्षी डॉक्टर येतात. यंदा प्रथमच, त्या शिवलेल्या मुलांपैकी एक जण स्वतः चालणार होता.

चालण्याची त्याला भीती नव्हती. तीन महिने तो पिशवीत मीठ भरून रोज संध्याकाळी किनाऱ्यावरच्या टेकड्या चढत होता. टाचांचे फोड आता घट्टे झाले होते. पाणी केव्हा प्यायचे, वाळू कडक कुठे असते, हे पायांना कळू लागले होते. भीती होती ती निघण्यापूर्वीच्या दोन मिनिटांची.

“दोनच मिनिटं,” सिस्टर ओटिली म्हणाल्या होत्या, गेल्या आठवड्यात, इस्पितळाच्या पायऱ्यांवर. “नाव सांगायचं, काय झालं ते सांगायचं. व्याख्यान नकोय मला.”

“नाही जमलं तर?”

“तर मी सांगेन. पण एकोणीस वर्षं मीच सांगतेय रे तुझी गोष्ट. आता मलाच कंटाळा आलाय तिचा.” मग त्या हसायच्या थांबल्या. “हे बघ. वरच्या वस्तीतली मार्लीन येणार आहे, पोरीला घेऊन. आठ महिन्यांची आहे पोर. ओठ तुझ्यासारखाच. आणि ही बाई काही केल्या तिला न्यायला तयार नाही. म्हणते, कापून आणखी बिघडवाल. माझं ऐकत नाही. तुझं तोंड बघेल.”

त्याचा हात नकळत गळ्याशी गेला होता. तिथे आईची ओढणी होती – एके काळी हिरवी, आता धुऊन धुऊन गढूळ पाण्याच्या रंगाची, कडेने सुटलेली – आणि ती वाळूसाठी, वाऱ्यासाठी, थंडीसाठी म्हणून नाकापर्यंत वर ओढलेली असे. सिस्टरनी ओढणीकडे पाहिले होते.

खिशात कागद होता. त्यावर त्याने सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : मी आपल्या सर्वांचा अत्यंत आभारी आहे. पुढची ओळ : आपण नसता तर. तिसरी ओळ नव्हती. आणि कागदाच्या शेजारी, मनातल्या मनात, दुसरेही एक वाक्य तयार होते, ते मात्र संपूर्ण होते – सिस्टर, घोटा मुरगळला, तुम्ही पुढे व्हा.

*

धुके विरले तेव्हा चहा झाला होता. शेळीच्या दुधाचा, जाड, धुराच्या वासाचा. मामा ओंडक्यावर बसून बिया फोडत होता. पायांशी टरफलांचा लहानसा ढीग. त्याच्या पाठीमागे झोपडीच्या भिंतीला काठी टेकलेली होती.

ती काठी साऱ्या वस्तीत प्रसिद्ध होती. नाराच्या काटेरी जाळ्यांत खोल हात घालता येत नाही, तिथून फळ ओढायला ती लागते. पण मामाची काठी नुसती त्यासाठी नव्हती. तिचे टोक आगीत कडक केलेले, मधला भाग हाताने घासून घासून काळसर गुळगुळीत, आणि वर, मुठीशी, पंचवीस हंगामांच्या बारीक खाचा. सिस्टरनी दिलेल्या दोन घडीच्या काठ्यांपैकी एकीची खीळ काल सरावातच निखळली होती. एलियाबने सकाळपासून तीनदा मामाच्या काठीकडे पाहिले होते. शेवटी कप खाली ठेवून, ओढणी जराशी वर घेऊन, त्याने नीट जुळवलेले वाक्य उच्चारले :

“मामा, ती काठी... पाच दिवसांपुरती मिळाली असती तर फार उपकार झाले असते.”

मामाचे दात थांबले. अर्धे फुटलेले बी त्याने बोटांनी काढले, पाहिले, आणि टाकून दिले.

“उपकार,” तो म्हणाला.

“म्हणजे, तुम्हाला लागणार नसेल तर... मी नीट परत –”

“मिशनच्या पाद्रीसाहेबाला विचारतात तसं विचारलंस.” मामा उठला. “बघू.” आणि शेळ्यांना हाकत तो नदीच्या पात्रात उतरला, काठी न घेता.

एलियाब तसाच बसून राहिला. आपले काय चुकले? आवाज अस्पष्ट आला का? ‘प’ आणि ‘म’ अजूनही ओठांच्या त्या शिवणीवर किंचित अडखळतात... की ती काठी मागण्यासारखी वस्तूच नव्हती? त्याने आयुष्यभर जपूनच मागितले होते आणि जे मिळाले त्यासाठी लगेच आभार मानले होते. आई दर डिसेंबरात त्याला पाटीवर, मग कागदावर, पत्र लिहायला बसवी : प्रिय मित्रहो, माझा ओठ बरा आहे, मी आता शिट्टी वाजवू शकतो. (त्याला शिट्टी वाजवता येत नव्हती, पण आईला वाटे त्यांना ते वाचून बरे वाटेल.) तो बारा वर्षांचा असताना आई गेली, तो शाळेच्या वसतिगृहात राहू लागला, पत्रे मात्र चालू राहिली. ज्यांची नावे ठाऊक नाहीत, चेहरे पाहिले नाहीत, त्या बावीस माणसांबद्दल त्याला खरोखर माया होती. रात्री आडवे पडल्यावर तो कधी कधी त्यांना एका रांगेत, वाळूच्या कडेवरून, लहान लहान होत जाताना बघे. फक्त... आरशात पाहताना मात्र त्याला नेहमी वाटे की हा ओठ त्यांचा आहे, आपण तो जपून वापरतो आहोत, त्यावर ओरखडा पडता कामा नये, तो उगाच उघड्यावर ठेवता कामा नये.

“मेल्या, काय केलंस हे?”

एल्फ्रीडा मामी दारात उभी होती, हातांना मक्याचे पीठ.

“मी फक्त काठी मागितली, मामी.”

“तेच म्हणते मी! मागितलीस!” तिने पिठाचे हात आभाळाकडे केले. “अरे, भाचा कधी मामाकडे मागतो का? भाचा उचलतो! चांगलं असेल ते उचलतो आणि चालू लागतो. मामा मागून शिव्या घालतो. तुझ्या आईनं एवढंही शिकवलं नाही?”

“मला वाटलं... ते जुन्या काळचं.”

“जुन्या काळचं! ह्यांचा तो दुसरा भाचा, टिटस, पलीकडच्या बहिणीचा – मागल्या वर्षी कळपातला सगळ्यात देखणा बोकड घेऊन गेला. दिवसाढवळ्या. महिनाभर हे घरोघर सांगत फिरत होते, लुटलं मला, नागवलं मला, असा भाचा वैऱ्यालाही नको. अशी छाती फुगवून! आणि तू?” मामीचा आवाज खाली आला. “तू येतोस साखर घेऊन, चहाची पुडी घेऊन. पाव्हण्यासारखा. दोन दिवस बसतोस, आभार मानतोस, जातोस. तुझी पाठ फिरली की ते बहिणीचं नाव घेऊन म्हणतात, रेगिनाच्या पोराला माझं काहीच नको असतं.”

पीठ वाळून तिच्या बोटांवरून गळत होते.

“ओठ शिवायला न्यायचं होतं तेव्हा गाढवगाडीतून तुला डांबरी रस्त्यापर्यंत कुणी नेलं होतं, ठाऊक आहे ना? दीड दिवस. दोन गाढवं होती, त्यातलं एक वाटेत बसलं तर त्याच्या जागी हे स्वतः जुंपून घेऊन चालले.”

त्याला ठाऊक नव्हते. त्याला आठवत होती फक्त चाकाची करकर, आईची हिरवी ओढणी, आणि मुठीत खारट गर.

*

दुपारी समुद्राकडून वारा सुटला. टेकड्यांच्या कडांवरून वाळूचा धूर निघू लागला. एलियाबने पिशवी भरली, उपसली, पुन्हा भरली – जड वस्तू पाठीशी, पाणी हाताशी – आणि सगळा वेळ त्याला त्या बावीस जणांच्या रांगेपुढे, बराच पुढे, एक गाडी दिसत होती. तिला एक गाढव आणि एक माणूस. त्या माणसाला त्याने एकही पत्र लिहिले नव्हते. आणि लिहिले असते तर तो माणूस दुखावला असता... ही कुठली कृतज्ञता, जी तोंडाने फेडता येत नाही, जिची पोच फक्त हात लांब करून, न विचारता, उचलूनच द्यायची असते?

तो उठला. झोपडीच्या भिंतीपर्यंत दहा पावले होती. मामी चुलीशी होती. तिने मुद्दाम पाठ केली. त्याचे हृदय चोराचे असावे तसे उडत होते. काठी हातात आली तेव्हा ती वाटली होती त्याहून जड होती आणि, वाऱ्यात असूनही, ऊबदार.

“चोर!” मामी ओरडली, मागे न वळता. “अहो धावा! घर लुटलं हो!”

पात्रातून मामा वर येत होता. तो थबकला. त्याने भाच्याकडे पाहिले, काठीकडे पाहिले. मग त्याने दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले.

“अरे हरामखोरा! माझी काठी? पंचवीस वर्षांची काठी? टिटसनं बोकड नेला, आता हा काठी नेतो! मी म्हातारपणी काय तुझ्या मामीच्या आधारानं चालू?”

“तुमची बायको धड चालतेय का बघा आधी,” मामी म्हणाली.

“नेतो मी,” एलियाब म्हणाला. आभाराचे शब्द सवयीने ओठांपर्यंत आले. त्याने ते गिळले. “आवडली मला. नेतो.”

मामाचा चेहरा असा काही उजळला, की एलियाबला मान खाली घालावी लागली.

“बरं. मग आता माझी पाळी.” मामा ताडपत्रीजवळ उकिडवा बसला. भाचा चांगले उचलतो, मामाने त्याचे जुनेपाने, मोडके घ्यायचे असते. त्याने नवे मोजे बाजूला सारले, डोक्याला बांधायचा दिवा बोटाने ढकलला, मोडकी घडीची काठी उचलून ठेवून दिली. “सगळं कोरं करकरीत. शहरातले भाचे कामाचे नाहीत.” मग त्याने वर पाहिले. “हं. हे चिंधूक माझं.”

आणि हात लांबवून, गाठ सोडण्याची वाट न पाहता, त्याने ती ओढणी भाच्याच्या गळ्यातून ओढून घेतली.

एलियाबचा तळहात तोंडावर गेला. मामा तिकडे पाहत नव्हता. तो ओढणीची सुटलेली कड बोटांवरून सरकवत होता, अगदी सावकाश, जणू तिथे काही लिहिलेले असावे. बहिणीची ओढणी. मग त्याने ती स्वतःच्या मानेला गुंडाळली, टोके कोटात खोचली आणि खाकरला.

“फाटकी आहे,” तो म्हणाला. “पण चालेल.”

*

ऊन उतरता उतरता गाड्या आल्या. पात्राच्या पलीकडे उद्याची चालणारी माणसे तंबू उभारू लागली. वाऱ्याने कापड फडफडत होते, कुणीतरी हसत होते. सिस्टर ओटिलींनी दुरून हात केला. त्यांच्या शेजारी, अना बाभळीच्या झाडाखाली, एक बाई उभी होती. कडेवर शालीत गुंडाळलेले मूल, आणि मुलाच्या तोंडावरून शालीचे टोक पुढे ओढलेले – किती पुढे ओढावे, ते एलियाबला नेमके माहीत होते.

“एलियाब!” सिस्टरचा आवाज वाऱ्यात तुटत आला. “उद्या... बोलशील ना?”

घोटा मुरगळल्याचे वाक्य त्याने मनात शोधले. ते होते, जागच्या जागी. फक्त आता दुसऱ्या कुणाचे असावे तसे. आणि कागदावरची तिसरी ओळ अजूनही सुचली नव्हती. तो काठीवर भार टाकून उभा राहिला. समुद्राचा वारा थेट ओठावर येत होता – शिवणीवर थंड, शिवणीच्या दोन्ही बाजूंना कमी थंड. म्हणजे इतकी वर्षे ही रेघ वारा ओळखत होती तर... पलीकडे त्या बाईने मान वळवली. ती इकडे पाहत होती की मावळतीकडे, एवढ्या अंतरावरून कळत नव्हते. त्याचा हात वर येऊ लागला, तोंडाकडे. वाटेत खिशाशी थांबला. तिथे सकाळचे बी होते.

त्याने ते जिभेवर ठेवले, मग वाकड्या पुढच्या दातांमध्ये उभे धरायचा प्रयत्न केला. ते निसटले. पुन्हा धरले. मीठ हळूहळू सुटू लागले, ओळखीचे. हात काठीवर होते, तोंड उघड्यावर होते, आणि बी अजून फुटले नव्हते.